झाडछाटणीच्या व्यवसायासाठी मोठा वूड चिपर कसा निवडावा

झाड उतरवायला दोन तास आणि खाली पडलेल्या फांद्या आवरायला चार, असा दिवस या व्यवसायातल्या प्रत्येक टोळीने पाहिलेला असतो. फांद्या-लाकडाचे बारीक तुकडे करणारं यंत्र, म्हणजे चिपर, सहा-आठ इंची (तेवढ्या जाडीचं लाकूड घेणारा) असला तर बारीक फांद्या झटपट संपतात. पण बेचकी तोडत बसावं लागतं, जाड ओंडके बाजूला साठत जातात आणि ते न्यायला दुसऱ्या दिवशी वेगळी फेरी पडते. मोठ्या चिपरचा विचार इथून सुरू होतो. १५ इंच किंवा त्याहून जाड लाकूड घेणाऱ्या आणि गाडीमागे ओढून नेता येणाऱ्या यंत्रांबद्दल हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगतो. मोठा चिपर निवडताना सर्वांत जास्त फसगत होते ती "किती इंचाचं लाकूड घेतो" या एकाच आकड्यामुळे. त्या आकड्याइतकंच महत्त्व आणखी दोन गोष्टींना द्यायला हवं: तुमची टोळी त्या यंत्राला दिवसभर लाकूड पुरवू शकते का, आणि लाकूड घालणारा माणूस त्याच्यासमोर किती सुरक्षित आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने विचार करायला लावतात.

पायरी १: आधी लाकूड मोजा

माहितीपत्रकं उघडण्यापूर्वी दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. प्रत्येक कामावर सर्वांत जाड तुकडा किती इंचांचा होता, तसे किती होते, फांद्या सरळसोट होत्या की वेड्यावाकड्या, आणि ढलप्यांच्या, म्हणजे चिपरमधून निघणाऱ्या लाकडाच्या तुकड्यांच्या, किती गाड्या भरल्या, एवढं लिहायचं. आत्ता चिपर असेल तर सकाळी आणि संध्याकाळी त्याच्या तासमापकाचा आकडाही टिपा. पूर्ण दिवस राबलो असं वाटत असतानाही यंत्र जेमतेम दोन-तीन तास चाललेलं असतं, हे अनेकांना वही बघूनच कळतं. उरलेला वेळ फांद्या ओढण्यात, गाडी रिकामी करून येण्यात आणि वाट बघण्यात जातो. तो वेळ मोठ्या चिपरने वाचत नाही.

नोंदी हातात आल्या की दहापैकी नऊ तुकडे ज्या जाडीच्या आत बसतात ती जाडी धरा आणि वर तीन-चार इंच जोडा. ही वाढ चैनीसाठी नाही. लाकूड कधी गोल आणि सरळ नसतं. गाठी, फांदीचे खुंट आणि बाक यांमुळे १२ इंचाचा ओंडका १५ इंचाची जागा मागतो. शिवाय जे यंत्र रोज आपल्या कमाल क्षमतेवर चालतं त्याचे पट्टे, बेअरिंग आणि हायड्रॉलिक पंप लवकर दमतात. उरलेल्या दहाव्या तुकड्यासाठी मात्र यंत्राचा आकार वाढवू नका. तो करवतीने उभा चिरा, नाहीतर ओंडका म्हणूनच न्या.

आता वजनाकडे बघू. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण ८०० ते १००० किलो धरा. तीन मीटर लांब आणि ३० सेंटीमीटर जाड ओंडका भरतो १७० ते २१० किलो. तेवढ्याच लांबीचा ४५ सेंटीमीटरचा ओंडका भरतो जवळजवळ ३८० ते ४८०. जाडी दीडपट झाली की वजन सव्वादोनपट होतं. १८ इंची चिपर तो ओंडका सहज कापेल, पण फीड टेबलवर, म्हणजे लाकूड आत घालायच्या फळीवर, तो चढवणार कोण? ग्रॅपलवाला (ओंडका पकडायचा पंजा असलेला) छोटा लोडर, क्रेन किंवा निदान दोराने ओंडका ओढणारी विंच नसेल तर १८ इंची यंत्र घेऊनही तुम्ही त्यात दहा इंचाच्याच फांद्या घालत राहाल. लोडर घ्यायची तयारी नसेल तर १५ इंची यंत्रावर थांबा, असं मी कुणालाही सांगेन.

पायरी २: टेप घेऊन तोंड मोजा

क्षमतेचा आकडा आणि प्रत्यक्ष तोंड यांत फरक असतो. बाहेरून दिसणारं रुंद हॉपर, म्हणजे लाकूड घालायचं पसरट तोंड, फसवं आहे. मोजायचं ते लाकूड आत ओढणाऱ्या फीड रोलरच्या लगेच पुढचं तोंड, रुंदी आणि उंची दोन्ही. दोन यंत्रांवर १५ इंच लिहिलेलं असतं, पण एकाचं तोंड १५ बाय १७ असतं आणि दुसऱ्याचं १५ बाय २०. दुसरं यंत्र बेचक्याची फांदी दाबून, वाकवून तशीच आत ओढतं. पहिल्यासमोर दर वेळी करवत काढावी लागते. वाचलेला प्रत्येक छेद म्हणजे वाचलेला वेळ, आणि जमिनीवरच्या विस्कळीत ढिगात करवत चालवण्याचा एक धोका कमी. पसरट, फांद्याळ झाडं जास्त असतील तर कमाल जाडीपेक्षा तोंडाच्या रुंदीला जास्त पैसे मोजा.

पायरी ३: ड्रम की डिस्क

डिस्क चिपरमध्ये जड फिरत्या तबकडीच्या तोंडावर पाती बसवलेली असतात आणि लाकूड तिच्यावर बहुधा तिरकं येतं. ढलप्या एकसारख्या निघतात, तबकडीवरची फावडी त्या जोरात फेकतात. अडचण आकारात आहे. मधला दांडा ते कडा एवढाच भाग कापायला मिळत असल्यामुळे लाकूड जाड हवं तर तबकडी अवाढव्य करावी लागते. ड्रम चिपरमध्ये पाती आडव्या पिंपावर असतात आणि त्याची पूर्ण रुंदी कामाला येते. म्हणून या आकाराची बहुतेक यंत्रं ड्रमचीच मिळतात. डहाळ्या आणि पाल्याचे भारेही ड्रम चांगले घेतो. त्याच्या ढलप्या थोड्या कमी-जास्त लांबीच्या निघतात, इतकंच.

ढलप्या आच्छादनासाठी देत असाल तर हा फरक विसरा. बॉयलरला विकत असाल तर मात्र आकार महत्त्वाचा. एका ढलपीची लांबी काढायची रीत सोपी आहे: मिनिटाला लाकूड किती पुढे सरकतं, भागिले मिनिटाला किती काप होतात. समजा लाकूड मिनिटाला ३६ मीटर सरकतं, ड्रम मिनिटाला १००० फेरे घेतो आणि त्यावर दोन पाती आहेत. म्हणजे २००० काप आणि १८ मिलिमीटरची ढलपी. फीडचा वेग कमी-जास्त करता येत असेल तर लांबीही हातात राहते. ही सोय आहे का ते विचारा. झावळ्यांचं काम बरंच असेल तर तेही आधी सांगा, कारण तंतुमय माल दांड्यांभोवती आणि बेअरिंगपाशी गुंडाळला जातो आणि तिथे त्याला अडवायची सोय प्रत्येक यंत्रात सारखी नसते.

पायरी ४: फीड रोलर

इंजिनापेक्षा मी रोलर जास्त वेळ बघतो. लाकूड पकडून सारख्या वेगाने आत ढकलणं हे त्यांचं काम. ते नीट झालं नाही तर २०० हॉर्सपॉवरचं इंजिनही नुसतं घुमत राहतं. रोलर घसरू लागले की माणूस फांदी हाताने रेटतो, पायाने ढकलतो आणि अपघाताच्या जवळ जातो. म्हणून रोलरची पकड ही सुरक्षेचीसुद्धा गोष्ट आहे.

वरचा रोलर नुसत्या स्प्रिंगने दाबतो की हायड्रॉलिकने हवा तेव्हा दाब वाढवता येतो, ते बघा. जाड ओंडक्याचं टोक आत जाताना रोलर स्वतः चढत नसेल तर त्याला उचलायची तरफ हवी. दात किती खोल आहेत आणि झिजल्यावर बदलता येतात का, हेही विचारा.

ऑटोफीड आज जवळजवळ सगळ्या मोठ्या यंत्रांत असतं. जाड लाकडामुळे इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेखाली गेले की रोलर आपोआप थांबतात किंवा थोडे उलटे फिरतात आणि इंजिन सावरलं की पुन्हा सुरू होतात. प्रात्यक्षिकात हे मुद्दाम घडवून आणा. थांबताना रोलर जरासे उलटले पाहिजेत. लाकूड फिरत्या पात्यांना टेकून राहिलं तर इंजिन सावरत नाही आणि पाती तापतात.

विंच असेल तर लांबचा ओंडका ओढणं सोपं होतं, पण मोठ्या चिपरवरची सर्वांत जीवघेणी गोष्टही तीच आहे. सुटलेला दोर रोलरमध्ये गेला तर ड्रम तो क्षणात गुंडाळतो आणि वाटेत जे येईल त्याला ओढून नेतो. विंचचा दोर जागेवर बसल्याशिवाय रोलर सुरूच होणार नाहीत अशी यंत्रणा असलेलंच यंत्र घ्या. ती नसेल तर विंच नको.

पायरी ५: लाकूड घालणाऱ्या माणसाच्या जागी उभे राहा

कुठलंही यंत्र बघायला गेलात की ते बंद असताना फीड टेबलसमोर उभे राहा. रोलर मिनिटाला ३० ते ३६ मीटर वेगाने ओढतात, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर किंवा त्याहून जास्त. बाही किंवा हातमोजा फांदीत अडकल्यावर एका सेकंदात माणूस अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. त्याला विचार करायला वेळ मिळणार नाही. थांबवायची दांडी त्याच्या शरीराला आपोआप लागली पाहिजे.

म्हणून टोळीतल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच माणसाला सोबत न्या. वरची नियंत्रण दांडी बुटक्याच्या हाताला येते का? टेबलाच्या खालच्या कडेची थांबवणारी दांडी मांडीला किंवा गुडघ्याला लागते का? टेबलाच्या कडेपासून रोलरपर्यंत हात पुरता कामा नये. हे अंतर टेपने मोजा. काही यंत्रांत शेवटचा उपाय म्हणून आत ओढले जात असताना खेचायच्या दोऱ्या असतात. मनगटावर आणि घोट्यावर पट्टे बांधायचे आणि ते धोक्याच्या भागात आले की रोलर आपोआप थांबतात, अशी यंत्रणाही आता मिळते. माझ्या मते ती पर्यायी यादीतली गोष्ट नव्हे. आवाजवाला हॉर्न किंवा रंगीत चाकं सोडा आणि ती घ्या.

अमेरिकेत झाडकामाच्या सुरक्षेसाठी अॅन्सी झेड१३३ आणि युरोपात वूड चिपरच्या सुरक्षेसाठी ईएन १३५२५ ही मानकं आहेत. तुमच्या देशात जो नियम लागू असेल त्याप्रमाणे यंत्र बनलंय का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. रोलर नसलेले जुने ड्रम चिपर अजूनही विक्रीत दिसतात. त्यांत ड्रम स्वतःच फांदी हिसकावून घेतो. किंमत कितीही कमी असो, ते घेऊ नका.

ड्रमचं झाकणही तपासा. इंजिन बंद केल्यावर जड ड्रम बराच वेळ फिरत राहतो. फिरत असताना झाकण उघडून कितीतरी जणांनी जीव गमावलाय, कारण उघडलेलं झाकण ड्रमला लागून तुटून उडतं. ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडणारच नाही असं कुलूप हवं, आणि पाती बदलताना ड्रम जागीच अडवायची खीळ हवी.

पायरी ६: इंजिन

१५ इंची यंत्रांना साधारण १२० ते १६० हॉर्सपॉवर, १८ ते २१ इंचींना १६० पासून २७५ पर्यंत इंजिन लावलेलं दिसतं. एकाच मॉडेलला दोन-तीन इंजिनं मिळत असतील तर मधलं घ्या. सर्वांत लहान इंजिन जाड लाकडात सारखं ऑटोफीडवर थांबतं. सर्वांत मोठं जास्त इंधन पितं आणि वजनही वाढवतं.

डिझेल इंजिन पूर्ण भाराखाली दर किलोवॉट-तासाला जवळपास पाव लिटर घेतं. म्हणजे १०० किलोवॉटचं, अर्थात १३४ हॉर्सपॉवरचं इंजिन तासाला २५ लिटरच्या आसपास. प्रत्यक्ष काम थांबत-थांबत चालतं म्हणून दिवसाची सरासरी बरीच खाली येते, पण टाकी दिवसभर पुरेल ना, हे या हिशोबावरून काढता येतं.

अमेरिकेतलं टियर ४ फायनल आणि युरोपात २०१९-२० पासून लागू झालेलं स्टेज फाइव्ह या इंजिनाच्या धुराबद्दलच्या नियमांमुळे नव्या मोठ्या डिझेल इंजिनांना बहुधा काजळी गाळणारा फिल्टर आणि युरियाचं द्रावण लागतं. हा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्यासाठी इंजिन तापलेलं हवं. दिवसभर रिकाम्या गतीवर घरघरत ठेवलं तर काजळी साठते आणि एक दिवस यंत्र कामाच्या मधेच साफसफाई मागतं. जरा वेळ लाकूड नसेल तर गती आपोआप उतरवणारी सोय चांगली. जास्त वेळ नसेल तर सरळ बंद करा.

रेडिएटरपुढची जाळी मी हाताने काढून बघतो. चिपरभोवती धूळ आणि पाल्याचा चुरा सतत उडतो. जाळी हत्यार न वापरता निघाली पाहिजे, आणि ठरावीक वेळाने पंखा उलटा फिरून जाळी झटकणारी सोय असेल तर कडक उन्हात तिची किंमत कळते.

पायरी ७: वजन, गाडी आणि ढलप्यांचा ट्रक

१५ इंची यंत्र साडेतीन ते साडेचार टनांचं, १८ ते २१ इंची साडेचार ते सहा टनांचं किंवा त्याहून जड. तुमच्या गाडीची ओढण्याची मर्यादा, चालकाचा परवाना, ट्रेलरचे ब्रेक आणि हिचवर (गाडीला ट्रेलर जोडायच्या आकड्यावर) येणारं वजन ही चारही उत्तरं कागदावर आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. विंच आणि भरलेली इंधनटाकी धरून वजन विचारा; माहितीपत्रकातलं वजन बहुधा रिकाम्या, साध्या यंत्राचं असतं.

ट्रकचा हिशोब लोक विसरतात. एक घनमीटर भरीव लाकडाच्या सैल ढलप्या साधारण अडीच ते तीन घनमीटर होतात आणि ओल्या असताना त्यांचं वजन घनमीटरला ३०० ते ४०० किलोच्या घरात जातं. म्हणजे १५ घनमीटरचा हौदा काठोकाठ भरला तर साडेचार ते सहा टन. ट्रकला तेवढा भार चालतो का? आणि मोठ्या यंत्राने तो तासाभरात भरला तर रिकामा करून परत यायला किती वेळ? ढलप्या टाकायची जागा पाऊण तासावर असेल तर दुसरा ट्रक लागेल, नाहीतर नवं यंत्र फाटकाशी उभं राहील. ढलप्या फेकणारी नळी तुमच्या हौद्याच्या उंचीपर्यंत पोचते ना, तेही उभं राहून बघा.

पायरी ८: पाती बदलून बघा

विक्रेत्याला म्हणा, "पाती काढून दाखवा." किती वेळ लागतो, कुठली हत्यारं लागतात, बोल्टपर्यंत हात पोचतो की कोपरं खरचटतात, हे सगळं समजतं. जे काम त्रासाचं असतं ते पुढे ढकललं जातं, आणि बोथट पात्यांवर यंत्र चालवणं हा सर्वांत महागडा आळस आहे. ढलप्यांऐवजी तंतू आणि भुसा येऊ लागला, यंत्र थरथरू लागलं, फेक कमी झाली की समजा पाती गेली.

दोन्ही बाजूंनी धार असलेली पाती उलटवून वापरता येतात. धार लावताना जोडीतल्या सगळ्या पात्यांचं वजन सारखं राखावं लागतं, नाहीतर ड्रमचा तोल जातो. बोल्ट टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), निर्मात्याने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळायचे. पात्यांसमोरच्या स्थिर पट्टीला, म्हणजे ऐरणीला, अनेक यंत्रांत एकापेक्षा जास्त कडा वापरता येतात. तिचं आणि पात्यांचं अंतर पुस्तिकेतल्या मापात बसवायचं असतं. हे अंतर वाढलं की धारदार पातीही फांदी कापण्याऐवजी चावतात.

सुट्या भागांचं विचारताना "मिळतात का" असं विचारू नका. "पाती, ऐरण, पट्टा आणि फीड रोलरची मोटर, यांतलं काय आज कपाटात आहे?" असं विचारा.

पायरी ९: स्वतःचं लाकूड घालून चालवा

विक्रेत्याच्या आवारातलं सरळ, मऊ लाकूड कुठलंही यंत्र गिळतं. तुमच्या कामावरचं सर्वांत त्रासदायक लाकूड घेऊन जा: बेचकी, कठीण वाळलेला ओंडका, काटेरी डहाळ्यांचा भारा, ओला पाला. पाला मुद्दाम घाला, कारण नळी तुंबते ती त्यानेच. तासभर तरी सलग चालवा, त्या तासात किती ट्रक भरला आणि किती इंधन गेलं ते लिहा. तासानंतर ड्रमच्या बेअरिंगच्या आणि हायड्रॉलिक टाकीच्या तापमानाकडे लक्ष द्या. कानावर संरक्षण ठेवूनच. या यंत्रांजवळचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो.

एखाद्या यंत्रावर मन बसलं पण खात्री नसेल तर ते महिनाभर भाड्याने घ्या. भाड्याचा खर्च वाया गेला असं वाटेल, पण चुकीचं यंत्र पाच वर्षं ओढत बसण्यापेक्षा तो फार थोडा आहे.

जुनं यंत्र घेताना

तासमापकावर एकट्यावर विसंबू नका. झाकण उघडून ड्रम हाताने फिरवा आणि बेअरिंगचा खरखराट ऐका. पाती जिथे बसतात ते खाचे झिजलेत का बघा. ड्रमवर किंवा पात्यांच्या बैठकीवर नंतर मारलेलं वेल्डिंग दिसलं तर तिथेच थांबा. ते यंत्र नको. नळीचा पत्रा आतून घासून पातळ होतो, तो बोटाने ठोकून आवाज ऐका. थंड इंजिन स्वतः सुरू करा; तुम्ही पोचण्याआधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. थांबवायच्या सगळ्या दांड्या एकेक करून चालवा. मालकाने त्यांपैकी एखादी तारेने बांधून ठेवली असेल तर बाकीची देखभाल कशी झाली असेल हे सांगायला नको.

यंत्र आल्यावर पहिला आठवडा

पहिल्या काही तासांनंतर पात्यांचे बोल्ट, पट्ट्यांचा ताण आणि चाकांचे नट पुन्हा तपासायचे असतात. किती तासांनी, ते पुस्तिकेत दिलेलं असतं. ते आकडे झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा. जमिनीवरून दाताळ्याने ओढलेला कचरा यंत्रात घालायचा नाही हा नियम पहिल्याच दिवशी लावा, कारण मूठभर वाळू नवी धार घालवते. झाडावर चढणाऱ्याचे दोर फीड टेबलच्या आसपास येणार नाहीत अशी जागा कामावर पोचल्या पोचल्या ठरवा. फांदी बुंध्याकडून, बाजूला उभं राहून घालायची. रोलरने पकडली की हात सोडून वळायचं. मग इंजिन बंद ठेवून टोळीतल्या प्रत्येकाला टेबलसमोर उभं करा, डोळे मिटायला सांगा आणि थांबवायची दांडी शोधायला लावा. पहिल्याच झटक्यात सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा.